पाण्यातले मासे मोजायचे कसे?

घोडेगावहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर डिंभे धरण येते. घोड नदीवरील हे धरण कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक होय. ते पूर्ण भरले म्हणजे त्यात सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी साठते. ज्या आंबेगावावरून आमच्या तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ गाव आज याच पाण्याखाली आहे. धरणात आज किती पाणी आहे, असे कोणी विचारले तर पाटबंधारे खात्याचा कर्मचारी भिंतीजवळची पट्टी पाहून लगेच उत्तर देतो. पण धरणात मासे किती आहेत, असे विचारले तर? आणि त्यांतले किती पकडले असता पुढच्या वर्षी तितकेच मिळतील?

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. डिंभ्याच्या पाण्याखाली ज्यांची भातखाचरे गेली, त्यांपैकी कित्येक आदिवासी कुटुंबे आता याच पाण्यात मासेमारी करतात. त्यांत महादेव कोळी आहेत आणि कातकरीही आहेत. नावात ‘कोळी’ असले तरी महादेव कोळी हे डोंगरउतारावर नाचणी, वरी आणि भात पिकवणारे शेतकरी. समुद्रावरच्या कोळ्यांचा दर्याशी जो पिढीजात संबंध, तो त्यांचा नव्हता. जमीन गेल्यावर त्यांना होडी आणि जाळे ही साधने नव्याने शिकावी लागली. ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने त्यांनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली. शेतकऱ्याला आपले पीक डोळ्यांनी दिसते. मच्छीमाराचे पीक पाण्याखाली असते, आणि ते किती कापावे हे न पाहताच ठरवावे लागते.

हाच प्रश्न सातपाटीच्या पापलेटवाल्याला पडतो आणि प्रशांत महासागरातल्या एखाद्या चिमुकल्या बेटावरच्या सरकारलाही पडतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो, जीवशास्त्र नव्हे. पण जी वस्तू दिसत नाही तिचे मोजमाप करणे हा तर आमचाच धंदा. तेव्हा या प्रश्नाकडे आपण मोजमापाच्या बाजूने पाहू.

जमा आणि खर्च

धरणातल्या पाण्याचा हिशेब तुम्ही सहज मांडाल. कालचे पाणी, अधिक नदीतून आलेले पाणी, वजा कालव्याने सोडलेले आणि वाफ होऊन गेलेले पाणी, म्हणजे आजचे पाणी. माशांचा हिशेब याहून फारसा वेगळा नाही. ई. एस. रसेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तो १९३१ साली मांडला. गेल्या वर्षीच्या साठ्याचे वजन घ्या. त्यात नव्याने वाढून आलेल्या पिलांचे वजन मिळवा, जुन्या माशांच्या अंगी चढलेले वजन मिळवा. आता त्यातून नैसर्गिक कारणांनी मेलेले मासे वजा करा आणि माणसाने पकडलेले मासे वजा करा. उरेल तो या वर्षीचा साठा.

या पाच आकड्यांपैकी माणसाच्या हाती पूर्णपणे एकच आहे, तो शेवटचा. बाकीचे निसर्ग ठरवतो. डिंभ्यासारख्या जलाशयात मात्र आणखी एक आकडा बऱ्याच अंशी माणसाच्या हाती येतो, तो म्हणजे नव्या पिलांचा. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे. पावसाळ्यात नदीला पूर आला, पाणी वाहू लागले, म्हणजे त्यांची वीण होते. साठलेल्या पाण्यात ते चांगले वाढतात, पण सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून त्यांचे बीज बाहेरून आणून सोडावे लागते. पूर्वी हे बीज नद्यांतून गोळा करीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशांना पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात वीण घडवून आणली आणि बीजाचा प्रश्न सुटला. तो दिवस १० जुलै. आजही तो आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

पण बीज सोडले म्हणजे मासा मिळाला असे नव्हे. अंड्यातून नुकते बाहेर आलेले मत्स्यजिरे मोठ्या जलाशयात सोडले तर त्यांतले बहुतेक इतर माशांच्या पोटात जातात. ते बोटाएवढे होईपर्यंत, म्हणजे ८ ते १० सेंटिमीटरची ‘बोटुकली’ होईपर्यंत, सांभाळावे लागतात. त्यासाठी तळी हवीत, आणि बुडीत क्षेत्रातल्या माणसांपाशी तळ्यांना जमीन कोठली? मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी डिंभे जलाशयातच तरंगते पिंजरे लावून त्यांत बीज वाढवण्याचे प्रयोग केले. बांबू किंवा पाइपांच्या चौकटीला बारीक जाळीची पिशवी टांगायची, आत बीज वाढवायचे आणि बोटुकली झाली की जलाशयात सोडून द्यायची. ज्या पाण्याने जमीन घेतली, त्या पाण्यावरच ही रोपवाटिका तरंगते.

वाटाण्यांचा प्रयोग

आता मोजणीकडे वळू. घरी करून पाहा. एका पातेल्यात दोन-तीन ओंजळी पांढरे वाटाणे घ्या. मोजू नका. हा आपला जलाशय. न पाहता ५० वाटाणे काढा, त्यांना लाल शाईचा ठिपका द्या, वाळू द्या आणि पुन्हा पातेल्यात टाकून चांगले हलवा. आता पुन्हा न पाहता ६० वाटाणे काढा. त्यांतले किती ठिपकेवाले आहेत ते मोजा.

समजा, ६० पैकी ६ ठिपकेवाले निघाले, म्हणजे दहात एक. वाटाणे नीट मिसळलेले असतील तर सगळ्या पातेल्यातही दहात एक याच प्रमाणात ठिपकेवाले असणार. एकूण ठिपकेवाले ५० आहेत, तेव्हा एकूण वाटाणे सुमारे ५००. त्रैराशिकाचे साधे गणित! डेन्मार्कच्या योहानेस पीटरसन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रातल्या चपट्या माशांना खुणेचे बिल्ले लावून सोडले, आणि खुणा करून मोजण्याच्या या पद्धतीला त्याचे नाव पडले.

आता खरी गंमत. वाटाणे परत टाका, हलवा आणि पुन्हा ६० काढा. या वेळी कदाचित ४ ठिपकेवाले निघतील. मग उत्तर येईल ७५०. तिसऱ्यांदा ८ निघाले तर ३७५. पातेले तेच, वाटाणे तेच, आणि उत्तरात दुपटीचा फरक! यात तुमची चूक नाही. यदृच्छेने घडणाऱ्या गोष्टींच्या मोजणीत जो आकडा येतो, त्याच्या वर्गमुळाइतका इकडेतिकडे फरक पडणे स्वाभाविक असते. ६ चे वर्गमूळ सुमारे अडीच. म्हणून ४ आणि ८ हे दोन्ही आकडे अपेक्षितच होत. ठिपकेवाले १०० सापडतील इतका मोठा नमुना घेतला तर फरक १० चा, म्हणजे शेकडा दहा एवढाच राहील. प्रयोगवहीत उत्तरापुढे ‘अधिक-उणे’ लिहायला सांगितले की विद्यार्थी कंटाळतात. पण माशांच्या बाबतीत त्या अधिक-उण्यावर एखाद्या गावाचे पुढच्या वर्षीचे जेवण अवलंबून असते.

दुसरीही एक मेख आहे. वाटाण्याची शाई धुतली जात नाही. माशाचा बिल्ला गळून पडू शकतो, किंवा हाताळणीने खुणेचा मासाच मरू शकतो. तसे झाले तर दुसऱ्या वेळी खुणेचे मासे कमी सापडतात आणि साठा खऱ्यापेक्षा मोठा वाटतो. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे, कारण मासे भरपूर आहेत असे समजून आपण जास्त पकडतो. शिवाय ही पद्धत बंद पातेल्याला लागू पडते. डिंभे हे बऱ्याच अंशी बंद पातेले आहे, सांडव्यावरून वाहून जाणारे मासे सोडले तर. समुद्र मात्र झाकण नसलेले आणि काठही नसलेले पातेले.

जाळे खोटे बोलते तेव्हा

म्हणून समुद्रात बहुतेक वेळा दुसरा मार्ग धरतात. एका होडीला एका दिवसात किती मासे मिळाले, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवायची. दर दिवसाची पकड निम्म्यावर आली तर साठाही निम्म्यावर आला असे धरायचे. थर्मामीटरमधला पारा पाहून ताप सांगावा, तसे हे आहे. पण थर्मामीटर बरोबर आहे की नाही हे कोणी तपासायचे?

डिंभ्याचेच उदाहरण घ्या. पावसाळ्यानंतर जलाशय तुडुंब असतो. पुढे कालव्यांना पाणी सुटत जाते आणि एप्रिल-मेपर्यंत पाणी खूप खाली जाते. समजा, मासे तेवढेच राहिले आणि पाणी चौथ्या हिश्श्यावर आले, तर दर घनमीटर पाण्यात मासे चौपट झाले. तेच जाळे, तोच माणूस, पण पकड वाढते. नुसती वही पाहणारा म्हणेल की मासे वाढले. प्रत्यक्षात घनता वाढली, संख्या नव्हे! घनता आणि वस्तुमान यांतला हा फरक तुम्ही आठवीनववीत शिकता.

याच गल्लतीने एका देशाला फार मोठी किंमत मोजावी लागली. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड माशांचे थवे शतकानुशतके प्रसिद्ध होते. टॉमस हक्सले या थोर जीवशास्त्रज्ञाने १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात असे मत मांडले होते, की कॉडसारख्या समुद्रातील मोठ्या मासेमाऱ्या बहुधा कधी संपणार नाहीत. त्या काळच्या होड्यांच्या मानाने ते फारसे चुकीचेही नव्हते. पुढे मोठी यांत्रिक जहाजे आली. १९६८ साली तेथे सुमारे ८ लाख टन कॉड पकडला गेला. नंतर साठा घटत गेला, पण उरलेले मासे दाट थवे करून राहत आणि जहाजे ध्वनिलहरींच्या यंत्राने नेमके तेच थवे गाठत. त्यामुळे दर दिवसाची पकड चांगलीच दिसत राहिली. किनाऱ्यालगत लहान होड्यांतून मासेमारी करणारे लोक मासा कमी झाला म्हणून सांगत होते. त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. २ जुलै १९९२ रोजी सरकारला तेथील कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार एका दिवसात गेला. ही बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

मला या कथेतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दोन मोजमापे दोन गोष्टी सांगत असतील, तर सोयीचे तेवढे स्वीकारू नये. प्रयोगशाळेत आपण दुसरे उपकरण आणून ताडून पाहतो. तेथे दुसरे उपकरण किनाऱ्यावर हजर होते, ते म्हणजे लहान होडीवाला.

किती काढावे?

समजा, साठा बरोबर मोजता आला. मग त्यातून किती काढावे? एक कल्पित तळे घ्या. त्यात जास्तीत जास्त १०० टन मासे राहू शकतात, कारण अन्न आणि प्राणवायू तेवढ्यांनाच पुरतो. मासे फार थोडे असतील तेव्हा ते दर वर्षी शेकडा ४० ने वाढतात असे धरा. जसजसे तळे भरत जाते तसतसा वाढीचा वेग कमी होतो. म्हणजे वार्षिक वाढ = ०.४ × साठा × (तळ्यातली रिकामी जागा ÷ १००).

हिशेब करून पाहा. साठा १० टन असताना वाढ ३.६ टन. ३० टन असताना ८.४. ५० टन असताना १०. ७० टन असताना पुन्हा ८.४. ९० टन असताना पुन्हा ३.६. आलेख काढलात तर वर फेकलेल्या चेंडूच्या उंचीचा आलेख येतो तसाच घुमट येईल. म्हणजे तळे अगदी भरलेले असताना वाढ थोडी आणि अगदी रिकामे असतानाही थोडी. सर्वांत अधिक वाढ निम्म्या साठ्यावर. मिल्नर शेफर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५४ साली याच पायावर मासेमारीचे गणित उभे केले.

आता एक विलक्षण गोष्ट पाहा. दर वर्षी बरोबर ८.४ टन पकडायचे असे ठरवले. साठा ७० टन आहे. जेवढी वाढ तेवढी पकड, म्हणून साठा स्थिर. एका वर्षी पाऊस कमी झाला आणि साठा ६० वर आला. ६० वर वाढ ९.६ टन, पकड ८.४, म्हणून साठा १.२ टनांनी वाढतो आणि हळूहळू ७० कडे परततो. वाटीच्या तळाशी ठेवलेली गोटी ढकलली तर पुन्हा तळाशी येते, तसे हे आहे. पण लागोपाठ वाईट वर्षे आली आणि साठा २५ वर घसरला तर? तेथे वाढ ७.५ टन आणि पकड मात्र ८.४. पहिल्या वर्षी घट केवळ ०.९ टनाची, कोणाच्या लक्षातही येणार नाही. साठा २४.१. मग २३.०, मग २१.७, मग २०.१. घट दर वर्षी वाढतच जाते. दहाव्या वर्षी ८.४ टन पकडायला तळ्यात तेवढे मासेच नसतात. येथे ३० हा आकडा म्हणजे पालथ्या वाटीच्या माथ्यावर ठेवलेली गोटी होय. एका बाजूला जराशी कलली की पुन्हा वर येत नाही. नियम तोच, आकडाही तोच ८.४, पण ३० च्या वर तो तारतो आणि ३० च्या खाली मारतो.

पेरू देशात असेच काहीसे घडले. तेथे अँचोव्ही नावाच्या लहान माशांची पकड १९७० साली सुमारे सव्वा कोटी टनांवर गेली होती. १९७२ साली एल निनोमुळे समुद्राचे पाणी तापले, माशांचे अन्न घटले, आणि तशातच जबर मासेमारी चालू राहिली. साठा कोसळला. दोष एकट्या निसर्गाचा नव्हता आणि एकट्या माणसाचाही नव्हता. तसेच प्रत्येक घसरण मासेमारीचीच असते असेही समजू नये. केरळात तारलीची पकड २०१२ साली ४ लाख टनांच्या आसपास होती. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली आणि नंतर पुन्हा वर आली. त्यात समुद्राच्या हवामानाचा वाटा मोठा होता.

वरचा धोका टाळण्याचा एक सोपा उपाय गणितातच दडलेला आहे. ठरावीक टन न पकडता साठ्याचा ठरावीक हिस्सा पकडा. शेकडा १२ म्हटले, तर ७० टनांवर तेच ८.४ टन मिळतात. पण साठा २५ वर आला तर पकड आपोआप ३ टनांवर येते, वाढ ७.५ टन असते, आणि तळे पुन्हा भरू लागते. शेकडा १२ पकडायचे हे पाण्यात कसे साधणार? होड्यांची संख्या आणि मासेमारीचे दिवस बांधून. तेवढ्याच होड्या तेवढेच दिवस फिरल्या तर मासे कमी असताना ढोबळमानाने पकडही कमी येते. जून आणि जुलै या दोन महिन्यांत महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तिचा एक अर्थ हा आहे, आणि दुसरा अर्थ पावसाळ्यात होणाऱ्या विणीला सवड देणे हा. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याची कोळ्यांची रीत या कायद्यापेक्षा जुनी आहे. अर्थात ‘एक दिवस’ हे मापही ताणले जाते. झगझगीत दिवे पाण्यावर टाकून मासे गोळा करणारी बोट एका रात्रीत जेवढे काढते, तेवढे साध्या होडीला कित्येक रात्रींत मिळणार नाही. अशा दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली.

लांबीचा घन

पुष्कळ ठिकाणी साठा मोजण्याइतका पैसा आणि वेळ नसतो. अशा वेळी एक साधी फूटपट्टी बरेच काम करते. पकडलेल्या माशांची लांबी मोजायची आणि पाहायचे, की यांतल्या कितींनी आयुष्यात एकदा तरी अंडी घातली असतील? राइनर फ्रोझे या जर्मन शास्त्रज्ञाने २००४ साली सुचवलेल्या तीन कसोट्या मला आवडतात, कारण त्या कोणालाही समजतात. पहिली, पकडलेला मासा निदान एकदा व्यालेला असावा. दुसरी, तो भरपूर वाढलेल्या आकाराचा असावा. तिसरी, फार मोठ्या जुन्या माद्यांना जगू द्यावे.

तिसरी कसोटी उलटी वाटते ना? येथे भूमिती मदतीला येते. माशाची लांबी दुप्पट झाली तर रुंदी आणि जाडीही साधारण दुप्पट होते, म्हणून वजन आठपट. गाभोळी पोटाच्या पोकळीत मावते, तेव्हा तीही निदान आठपट. म्हणजे ६० सेंटिमीटरची एक मादी ३० सेंटिमीटरच्या आठ माद्यांइतकी अंडी घालते. कित्येक जातींत तर त्याहूनही अधिक.

लहान मासा सोडण्याचा फायदा आपल्या कटल्यावर मोजून पाहू. समजा, १०० ग्रॅमचे १००० मासे जाळ्यात आले. विकले तर १०० किलो. सोडून दिले आणि वर्षभरात शेकडा ४० मेले, पण उरलेले ६०० मासे प्रत्येकी ६०० ग्रॅमचे झाले, तर ३६० किलो. मोठ्या माशाला भावही किलोमागे जास्त मिळतो. म्हणून जाळ्याच्या आसाचा आकार, म्हणजे त्याच्या एका डोळ्याचा आकार, महत्त्वाचा. जाळे ही एक चाळणीच. पीठ खाली पडावे आणि कोंडा वर राहावा तशी पिले निसटावीत आणि मोठे मासे राहावेत.

समुद्रात ही चाळणी निवडणे वाटते तितके सोपे नाही. डिंभ्यात तीनचार जातींचा विचार केला तरी भागते, कोकणात एकाच जाळ्यात कित्येक जाती येतात. डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवतात. त्यात बोंबील आणि जवळा मिळतो. जवळा पुरा वाढला तरी दोनतीन सेंटिमीटरचाच, त्याला बारीक आस हवा. पण त्याच बारीक जाळ्यात पापलेटची पिलेही अडकतात. जे जवळ्याला योग्य ते पापलेटला घातक. पापलेटसाठी नावाजलेल्या सातपाटीचे मच्छीमार वर्षानुवर्षे हेच गाऱ्हाणे सांगत आले आहेत. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले, आणि त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. ज्यांच्या वहीत १५ सेंटिमीटरची पट्टी असते, त्यांनी हे अंतर एकदा पाहून ठेवावे.

प्रशांत महासागरातील पलाऊ या बेटांच्या देशाची लोकसंख्या सुमारे १८ हजार, म्हणजे आपल्याकडच्या दोनचार मोठ्या खेड्यांएवढी. प्रत्येक जातीच्या माशासाठी संशोधन जहाज फिरवणे त्यांना कसे परवडणार? तेथे मच्छीमारांनी स्वतःच शास्त्रज्ञांच्या बरोबरीने आपल्या पकडीतल्या माशांच्या लांब्या मोजल्या आणि पोट फाडून गाभोळी तयार आहे की नाही ते तपासले. पकडीतले बरेचसे मासे अजून एकदाही व्यालेले नाहीत, असे त्यांना आढळले. हे ज्याने स्वतःच्या सुरीने पाहिले त्याला वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. त्या बेटांवर ‘बुल’ नावाची जुनी प्रथा आहे. गावचे प्रमुख समुद्राचा एखादा भाग काही काळ बंद ठेवतात आणि तेथे कोणी जाळे टाकत नाही. आपल्याकडच्या देवराईची आठवण व्हावी असेच हे आहे.

पुढच्या वर्षीचा मासा कोणाचा?

गणित कितीही बरोबर असले तरी एक प्रश्न त्याच्या बाहेर राहतो. आज सोडलेला १०० ग्रॅमचा मासा वर्षाने ६०० ग्रॅमचा होईल, पण तो माझ्याच जाळ्यात येईल कशावरून? येणार नसेल, तर आजच पकडणे हा शहाणपणाच ठरतो. जलाशयातील मासेमारी ठरावीक मुदतीच्या ठेक्याने दिली जाते. ज्याचा ठेका यंदा संपणार, त्याने जाता जाता तळ खरवडून नेला तर त्याच्या खिशाचे काही बिघडत नाही. ज्याचे घर काठावर आहे आणि ज्याची मुलेही येथेच मासे धरणार, त्याचा हिशेब वेगळा असतो. काठावरच्या लोकांच्या सहकारी संस्थेकडे ठेका असावा, असे मला वाटते ते केवळ दयेपोटी नव्हे. रसेलच्या समीकरणातला शेवटचा आकडा आवरण्याची गरज त्यांनाच सर्वांत जास्त आहे.

लहान बेटांनी हाच धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला. नाउरू या देशाचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. पण आंतरराष्ट्रीय कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंतच्या समुद्रातील संपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क असतो. ३७० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा, ते ४ लाख ३० हजार चौरस किलोमीटर भरेल. एका बाजूला शेजारच्या बेटाची हद्द आड येते, तरी नाउरूच्या वाट्याला साधारण महाराष्ट्राएवढा समुद्र येतो. या समुद्रातून टुना मासा फिरतो. तो हद्द मानत नाही. आज नाउरूत, तर उद्या किरिबातीत. मोठ्या देशांची जहाजे प्रत्येक बेटाशी वेगवेगळा सौदा करून भाव पाडीत. १९८२ साली या बेटांनी आपसात करार केला. आज त्यात आठ देश आहेत. २००७ पासून ते मोठ्या जाळ्याच्या जहाजांना टन विकत नाहीत, दिवस विकतात. वर्षाचे एकूण दिवस आठही देश मिळून ठरवतात, आणि ज्याला मासे हवेत त्याने दिवस विकत घ्यायचे. ठरावीक टनाऐवजी ठरावीक श्रम बांधण्याचा जो उपाय आपण तळ्याच्या गणितात पाहिला, तोच हा.

शिक्षकांनी वर्गाकडून एक काम जरूर करून घ्यावे. जवळच्या बाजारात मासे विकणाऱ्या मावशींची परवानगी घेऊन महिन्यातून एकदा एकाच जातीच्या ३० माशांची लांबी मोजा. कटला, रोहू, चिलापी, जो नेहमी मिळतो तो. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये. वहीत तारीख, मासा कोठून आला, कसल्या जाळ्याने धरला आणि किलोचा भाव लिहा. पोटात गाभोळी होती का, हे मासा कापताना मावशीच सांगतील. वर्षाअखेर प्रत्येक महिन्याचा स्तंभालेख काढून एकाखाली एक लावा. बोटुकली जलाशयात सोडल्यानंतरच्या काही महिन्यांत आलेखातला एखादा उंचवटा डावीकडून उजवीकडे सरकताना दिसेल. ती एकाच वेळी सोडलेल्या माशांची तुकडी. तो उंचवटा महिन्याला किती मिलिमीटर सरकला, हाच त्यांच्या वाढीचा वेग.

पहिल्या पावसानंतर ओढ्याला चढणीचे मासे येतात, तेव्हाही वही बरोबर ठेवा. त्या माशांतले बहुतेक अंड्यांनी भरलेले असतात. किती जणांनी किती किलो धरले आणि त्यांतल्या कितींच्या पोटात गाभोळी होती, एवढे दोनच आकडे लिहिले तरी पुरे.